जमिनीच्या पोटातल्या हद्दी

विहाराच्या स्मरणिकेत इतिहासावर लेख म्हटला की वाचकांना लेणी आठवतात, स्तूप आठवतात, सम्राट अशोकाचे शिलालेख आठवतात. ते साहजिकच आहे. पण या खेपेला आम्ही एक अगदी साधा, पायाखालचा विषय घेतला आहे. तो म्हणजे शेताची हद्द. शेताच्या कडेने खणलेला चर, त्याची माती टाकून झालेला बांध, आणि शेकडो वर्षांनी हे सगळे बुजून गेल्यावर त्याचा माग काढणारे पुरातत्त्वशास्त्र, याबद्दल आम्ही लिहिणार आहोत.

चरात कसला आलाय इतिहास, असे कोणी म्हणेल. त्यावर आमचे म्हणणे असे की, राजाचा इतिहास शिलालेखात सापडतो, सावकाराचा खतावणीत सापडतो. पण ज्याने जन्मभर कुदळ मारली त्याचे नाव कुठे लिहिलेले असते? त्याने स्वतः लिहिले नाही आणि त्याच्याविषयी कोणी लिहिण्याची तसदी घेतली नाही. त्याच्या हातची एकच खूण मागे राहते, ती म्हणजे त्याने उपसलेली माती. ती खूण वाचता आली, तर ज्यांना इतिहास नाही असे सांगितले गेले, त्यांचाही इतिहास हाती लागतो.

बुजलेला चर दिसतो कसा?

जमीन एकदा खोल खणली की ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. वरची माती काढून खाली कठीण मुरमात किंवा खडीत हातभर चर खणला, समजा. पुढे त्यात पावसाने गाळ येतो, पालापाचोळा पडतो, घरातली राख आणि फुटकी खापरे येऊन पडतात. दोनशे-पाचशे वर्षांनी तो पार भरून जातो आणि त्यावरून नांगर फिरतो. वरून पाहिले तर सपाट रान! पण खाली मूळ मुरूम कठीण आणि चरातली भर मऊ, काळसर, ओल धरणारी, असा फरक कायम राहतो.

हा फरक पिकाला बरोबर कळतो. उन्हाच्या ताणात बाकीचे रान पिवळे पडले तरी बुजलेल्या चरावरचे पीक जास्त दिवस हिरवे राहते आणि थोडे उंचही वाढते. बांधावर उभे राहिले तर हे सहसा लक्षात येत नाही. विमानातून मात्र हिरव्या रेघा नकाशासारख्या दिसतात. पहिल्या महायुद्धात विमानातून टेहळणी करणारे ओ. जी. एस. क्रॉफर्ड १९२० साली इंग्लंडच्या सरकारी नकाशा खात्यात पुरातत्त्व अधिकारी झाले. हवाई दलाने काढलेले फोटो पाहताना त्यांना दक्षिण इंग्लंडच्या रानात प्राचीन शेतांची चौकटच्या चौकट दिसली. अलेक्झांडर कीलर यांच्याबरोबर त्यांनी १९२८ साली अशा फोटोंचा मोठा ग्रंथ काढला. तेव्हापासून शेतांचा इतिहास हा पुरातत्त्वाचा एक रीतसर विषय झाला. १९७६ आणि २०१८ च्या कडक उन्हाळ्यांत तर तिथे अशा पुष्कळ जुन्या हद्दी पिकातून वर आल्या. आपल्याकडे दुष्काळ पडला की धरणाच्या पोटातली बुडालेली गावे दिसू लागतात, तसाच हा प्रकार.

चराचे वाचन

खोदकामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. आधी बिनदातांच्या बकेटचे यंत्र लावून वरची नांगरटीची माती हलकेच सोलून काढतात. खाली फिक्या मुरमावर काळसर पट्टा उघडा पडतो. तोच बुजलेला चर. तो सगळाच्या सगळा उपसत नाहीत. ठरावीक अंतरावर त्याला आडवा छेद घेतात. मात्र जिथे चर संपतो, वळतो, किंवा दुसऱ्या चराला छेदून जातो, ती जागा सोडत नाहीत.

छेद घेतला की भिंतीवर थर दिसतात. तळाशी जाडाभरडा थर, तो पहिल्या काही वर्षांत कडा ढासळून पडलेला. मधे बारीक गाळ, तो सावकाश साठलेला. वर नांगरटीची माती. एका बाजूने जास्त माती घसरून आलेली दिसली, तर बांध त्या बाजूला होता असे अनुमान निघते. कधी भरलेल्या चरातच पुन्हा एक लहान चर खणलेला आढळतो. याचा अर्थ काय? तर हद्द मोडीत निघालेली नव्हती; कोणीतरी, कदाचित पुढच्या पिढीने, ती पुन्हा साफ केली. आजोबाने खणले आणि नातवाने उपसले, हे माती सांगते.

दोन चर एकमेकांना छेदत असतील तर जो दुसऱ्याला कापून जातो तो नंतरचा. वाटणी बदलली, मालकी बदलली, की रेघही बदलते. काळ ठरवताना मात्र सावधपणा लागतो. जुने खापर नव्या चरात सहज पडू शकते, म्हणून थरात सापडलेली सगळ्यात अलीकडची वस्तू महत्त्वाची. चराच्या तळाच्या गाळात शिवराई पैसा सापडला, तर तो गाळ शिवकालाच्या आधीचा असूच शकत नाही. कोळसा, हाड किंवा बी मिळाले तर कार्बनच्या पद्धतीने वय काढता येते. ही पद्धत अमेरिकेतील विलर्ड लिबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली मांडली. गाळातले परागकण आणि गोगलगायींचे शंख पाहून तिथे गवत होते, झाडी होती की पीक होते, तेही समजते.

आणखी एक गंमत बघा. घरापासून लांबच्या चरात खापरे फार थोडी मिळतात. जसजसे घर जवळ येते तसतशी खापरे, राख आणि हाडे वाढत जातात. त्यामुळे घर पार नाहीसे झाले असले, तरी ते कुठल्या अंगाला होते हे चरातल्या कचऱ्यावरून सांगता येते.

फेनगेट : पाणंदीचे गाव

या शास्त्राचे एक नामांकित उदाहरण म्हणजे पूर्व इंग्लंडमधील पीटरबरो शहराजवळचे फेनगेट. 'फेन' म्हणजे पाणथळ रान आणि त्या भागातल्या जुन्या बोलीत 'गेट' म्हणजे रस्ता. पाणथळीकडे जाणारी वाट, असा नावाचा अर्थ. १९६७ साली पीटरबरोला नवे शहर म्हणून वाढवायचे सरकारने ठरवले. कारखाने आणि वसाहती येणार, शेते जाणार, हे दिसत होते. तेव्हा फ्रान्सिस प्रायर यांनी कॅनडातील टोरांटोच्या रॉयल ओंटारिओ संग्रहालयाच्या पाठबळाने १९७१ ते १९७८ या काळात तिथे उत्खनन केले.

तिथे काय सापडले? सोन्याचा हंडा नाही, राजवाडा नाही. सापडले ते चर. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातले, म्हणजे तीन हजार वर्षांहून जुने, ब्राँझ युगातले. हे चर सरळ रेषेत उंच रानातून पाणथळीकडे उतरत होते. काही ठिकाणी दोन चर शेजारी शेजारी समांतर जात होते. ही जोडी म्हणजे गुराढोरांची पाणंद! दोन्ही बाजूंनी शेते आणि मधून जनावरे नेण्याची वाट. हिवाळ्यात पाणथळ रान पाण्याखाली जाई, तेव्हा जनावरे वरच्या कोरड्या रानात ठेवायची; उन्हाळ्यात पाणी ओसरले की पाणंदीने खाली चरायला न्यायची. आपल्याकडचे धनगर पावसाचा अंदाज घेऊन कळप हलवतात, तसेच हे पाऊसपाण्याचे गणित.

पुढे प्रायर यांनी स्वतः मेंढ्या पाळल्या. कळप आत घ्यायचा, अरुंद वाटेने एकेक मेंढी पुढे काढायची, कोकरे वेगळी करायची, हे काम रोज हाताने करू लागल्यावर फेनगेटच्या चरांतल्या अरुंद फटी आणि आडकोपरे कशासाठी होते, याचा त्यांना उलगडा झाला. १९९६ साली त्यांनी यावर लेख लिहिला. नुसत्या विद्यापीठात बसून जे कळले नाही ते मेंढ्यांच्या मागे धावून कळले. कष्टाचे ज्ञान हे ज्ञान असते, हे यावरून पटावे.

१९८२ साली त्याच भागात एका पाण्याच्या चराची कड तपासताना प्रायर यांच्या पायाला लाकूड अडखळले. त्यातून फ्लॅग फेनचा शोध लागला. पाणथळीतून सुमारे एक किलोमीटर गेलेली लाकडी खांबांची रांग, इसवी सनापूर्वी १३०० च्या आसपासची, चिखलात हवा न लागल्यामुळे टिकून राहिलेली. ती पाहायला आज लोक लांबून येतात. पण त्या खांबांपाशी पोचवणारी वाट होती ती शेतकऱ्यांची आणि त्यांच्या गुरांची.

हद्द पडली, माणसे बाहेर गेली

चर नेहमीच सुखाची गोष्ट सांगतो असे मात्र नाही. पीटरबरोपासून सुमारे दहा किलोमीटरवर हेल्पस्टन नावाचे खेडे आहे. तिथे १७९३ साली एका शेतमजुराच्या पोटी जॉन क्लेअर जन्मला आणि पुढे इंग्रजीतला मोठा कवी झाला. त्याच्या लहानपणी गावाभोवती मोकळी शेते, पडीक रान आणि गायरान होते. गरिबाची गाय तिथे चरत असे, सरपण मिळत असे. १८०९ साली पार्लमेंटने कायदा करून हे सगळे रान मोजून, वाटून, कुंपण घालायचे ठरवले. १८२० पर्यंत वाटणी पुरी झाली. ज्यांच्याकडे कागद होता त्यांना जमीन मिळाली. ज्यांच्याकडे नुसती वहिवाट होती त्यांची गाय गेली. ज्या कुंपणांनी आपले रान हिरावले, त्यांच्याच कामावर क्लेअरला मजुरी करावी लागली. ही वेदना त्याच्या कवितेत उतरली आहे.

हे एका खेड्यापुरते नव्हते. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटपुढे अशी ५,२०० हून अधिक विधेयके आली आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या एक पंचमांशाहून थोडी जास्त, कुंपणात गेली. आज खोदकाम करणाऱ्यांना त्या काळचे सरळ, फूटपट्टीने ओढल्यासारखे चर सापडतात. मध्ययुगातील नांगरटीच्या लांब वरंब्यांना ते मधोमध कापून जातात. आधी वरंबे, मग चर. हा क्रम जमिनीत पक्का कोरलेला आहे. त्याला दफ्तराची साक्ष लागत नाही.

तक्षशिला, कालीबंगन, इनामगाव

या शास्त्राचा धागा आपल्या देशाशीही जुळतो. इंग्लंडमध्ये मेडन कॅसलसारख्या ठिकाणी थरांचे काटेकोर छेद घेणारे मॉर्टिमर व्हीलर १९४४ साली भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होऊन आले. त्याच वर्षी त्यांनी तक्षशिला या प्राचीन बौद्ध विद्याकेंद्राच्या जागी तरुण भारतीयांना शिकवण्यासाठी प्रशिक्षण शिबिर भरवले. तिथे शिकलेल्यांत बी. बी. लाल आणि बी. के. थापर हे होते. पुढे या दोघांच्या नेतृत्वाखाली राजस्थानात कालीबंगन येथे १९६० ते १९६९ या काळात उत्खनन झाले. वस्तीच्या तटाबाहेर त्यांना चक्क नांगरलेले शेत सापडले, सुमारे ४,८०० वर्षांपूर्वीचे. एका दिशेच्या सऱ्या जवळजवळ आणि त्यांना काटकोनात जाणाऱ्या सऱ्या लांब लांब. त्या भागात आजच्या काळातही हरभरा आणि मोहरी अशीच आडवी-उभी पेरतात, हे तिथल्या संशोधकांनी दाखवून दिले.

आपल्या पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथली पांढरी उकरली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे, धान्याच्या कणग्या, चुली, दफने सापडलीच. शिवाय शंभर मीटरहून लांब आणि सुमारे चार मीटर रुंद असा खणलेला कालवा आणि त्याला लागून बांध सापडला. नदीच्या पुराचे पाणी वळवून शेतीला घ्यायची ती सोय होती. लोखंडाची पहार नसलेल्या काळात हे काम गावाने मिळून केले असले पाहिजे.

धम्मग्रंथातील शेताचे बांध

आता आपल्या अधिक जवळच्या गोष्टीकडे येऊ. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. भगवान बुद्ध राजगृहाहून दक्षिणगिरीकडे जात असताना त्यांना मगधातली शेते दिसली. चौकोनी तुकडे, मधून बांध, बांधांचे छेद. त्यांनी आनंदाला विचारले की अशा रचनेचे चीवर भिक्षूंसाठी करता येईल काय? आनंदाने तसे चीवर बेतून दाखवले. आजही भन्तेजींच्या चीवराकडे नीट पाहिले तर तुकडे जोडलेल्या शिवणी दिसतात. त्या मगधच्या शेतकऱ्यांच्या बांधांच्या खुणा आहेत. त्या प्रसंगात बांधासाठी आलेल्या पाली शब्दांत 'मरियादा' म्हणजे आपला मर्यादा हा शब्द आहे. राजाचे मखमली वस्त्र नव्हे, कष्टकऱ्याचे शेत संघाच्या अंगावर आले, ही लहान गोष्ट नव्हे.

दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्तात तर हद्दीची उत्पत्तीच सांगितली आहे. आधी भात सर्वांचे होते. मग माणसे साठवू लागली, म्हणून शेते वाटली आणि हद्दी घातल्या. हद्द आली तशी चोरी आली, चोरीमागून खोटे बोलणे आणि मारहाण आली, आणि तंटे मिटवण्यासाठी लोकांनी आपल्यातून एकाला राजा निवडले. हद्द, राजा आणि वर्ण, या सगळ्या माणसांनी केलेल्या गोष्टी आहेत. कोणी देवाने आखून दिलेल्या नाहीत, हा त्या सुत्ताचा रोख. जे माणसाने केले ते माणूस बदलू शकतो.

सांचीच्या परिसरात १९९८ पासून ज्युलिया शॉ यांनी केलेल्या पाहणीत डझनाहून अधिक जुने बंधारे नोंदले गेले. स्तूप, विहार, तळी आणि भातशेती ही एकाच परिसराची अंगे होती, असे त्यातून दिसते. भिक्षापात्रात पडणारा भात कुठल्या शेतातून येत होता, याचा शोध आता लागू लागला आहे.

शिवेचे साक्षीदार

आपल्यापैकी पुष्कळांच्या आजे-पणजांचे नाते हद्दीशी होते. गावाची शिव दाखवणे हे महाराचे काम होते. दोन गावांत शिवेचा तंटा लागला की त्याचा शब्द प्रमाण मानला जाई. कुठला दगड, कुठले झाड, कुठला ओढा, सगळे तोंडपाठ. बघा ही विटंबना! साऱ्या गावाची हद्द ज्याला ठाऊक, त्याची वस्ती गावाच्या हद्दीबाहेर. वतनाच्या तुकड्यासाठी साऱ्या घराने रात्रंदिवस राबायचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायदा सुधारण्याचे विधेयक आणले ते ही गुलामी मोडण्यासाठी. अखेर १९५८ च्या कायद्याने ही वतने रद्द झाली. पुढे १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तेही मातीवरच्या हक्कासाठीच.

वतन गेले ते उत्तम झाले. पण त्याबरोबर शिवेचे ते ज्ञानही म्हाताऱ्यांबरोबर चालले आहे, याची आम्हाला चिंता वाटते. इंग्लंडमध्ये १९९० सालच्या सरकारी धोरणाने बांधकामापूर्वी जमिनीखालच्या अवशेषांचा विचार करण्याचा दंडक घातला, म्हणून शेकडो शेतांचे चर निदान कागदावर तरी उतरले. आपल्याकडे शेते एन. ए. होतात, प्लॉट पडतात, जेसीबी येतो आणि बांध एका दुपारी सपाट होतो. त्या बांधाची गोष्ट सांगणारा कोणी उरत नाही.

म्हणून आमची वाचकांना विनंती आहे. सुट्टीत गावी जाल तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की आपली शिव कुठून जात होती, पाणंद कुठली, वतनाचा तुकडा कुठला, कोणते रान कोणत्या नावाने ओळखत. मुलांच्या वहीत ते लिहून काढा, साधा नकाशा काढा, वर तारीख घाला. शेतात जुनी खापरे किंवा नाणी वर आली तर स्वतः खणत बसू नका; जागेची नोंद ठेवून पुरातत्त्व खात्याला कळवा, कारण वस्तू थरातून उपटली की तिची अर्धी साक्ष जाते.

आपल्या पूर्वजांच्या नावाचे शिलालेख नाहीत, हे खरे. पण शिवेचे दगड त्यांनी राखले, चर त्यांनी खणले, बांध त्यांनी घातले. मातीने ते जपून ठेवले आहे. वाचायला आपण शिकले पाहिजे.